प्रोसेसरचा बेंचमार्क नेमका काय मोजतो? (उद्यमनगरातून एक अडलेला प्रश्न)

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न आणि डायचं जॉबवर्क आहे. वडिलांच्या वेळी सागवानात पॅटर्न व्हायचे. आता संगणकावर मॉडेल, त्यावरून टूलपाथ (कटिंगचं हत्यार कसं फिरणार तो मार्ग) आणि मग व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) अ‍ॅल्युमिनियमात कटिंग. हे आधीच सांगितलं, म्हणजे कोणी ‘गेमिंगला पाहिजे का?’ विचारायला नको.

दोन वर्षांपूर्वी कोअर आय ७-१२७०० चं मशीन घेतलं. बारा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे राबणारे भाग), वीस थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी). आमच्या धंद्यात कोअर म्हणजे ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात घालतात तो वाळूचा गाभा. फाउंड्रीतल्या मामांना कौतुकानं म्हटलं, ‘मामा, बारा कोअरचं मशीन आणलंय.’ मामांनी मान वर न करता विचारलं, ‘तासाला का शिफ्टला?’

असो. घेताना दुकानदारानं मोबाइलवर बेंचमार्कचा, म्हणजे वेगाच्या चाचणीचा, तक्ता दाखवला होता, आकडा माझ्या जुन्या मशीनच्या चौपट. आणल्याबरोबर पंपाच्या व्हॉल्यूट केसिंगचा टूलपाथ लावून बघितला. जुन्यावर १४ मिनिटं लागायची, नव्यावर साडेनऊ. चौपट गेलं कुठं? दीडपटीवरच गाडी थांबली. आणि आता तर तेच काम अकरा-साडेअकरा मिनिटं घ्यायला लागलंय.

आता दुसरा एक विक्रेता २४ कोअरवालं मशीन घ्या म्हणून मागं लागलाय. ‘साहेब, सिनेबेंचला ३६ हजार मारतंय. तुमचं फार तर २२.’ दीड लाखाचा विषय आहे. एकदा फसलोय, म्हणून विचारतो: हा ३६ हजार म्हणजे ३६ हजार काय? किलो का लिटर? आणि माझ्या कामाशी त्याचा संबंध किती?

---

तांबडा_पांढरा

‘तासाला का शिफ्टला’! मामांना दंडवत.

माझ्या फोनचा बेंचमार्क शेजाऱ्यापेक्षा दोन लाखांनी जास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅप मात्र दोघांचं एकदमच उघडतं. माझं संशोधन इथं संपलं. वाचतोय.

---

कॅश_चुकली

धागाकर्ते, मी मूळचा राजारामपुरीचा, सध्या पुण्यात. प्रोग्रॅम कुठं अडकतो ते मोजायचं हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळं जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे मामांनी चेष्टेत का असेना, नेमका प्रश्न विचारलाय. तुमच्या व्हीएमसीवर एक जॉब किती मिनिटांत उतरतो तो सायकल टाइम. शिफ्टमध्ये किती जॉब उतरले ते प्रॉडक्शन. चार मशीन ओळीनं लावली तर प्रॉडक्शन चौपट होईल, पण एका जॉबचा सायकल टाइम एक सेकंदानंही कमी होणार नाही. प्रोसेसरचे बहुतेक बेंचमार्क याच दोन तऱ्हेचे असतात. सिंगल कोअरचा आकडा सायकल टाइमच्या जवळचा, मल्टी कोअरचा आकडा शिफ्टच्या प्रॉडक्शनचा. दुकानदारानं तुम्हाला शिफ्टचा आकडा दाखवला आणि तुम्ही सायकल टाइम चौपट घटेल म्हणून वाट बघत बसलात.

सिनेबेंच करतं काय? मॅक्सॉन कंपनीचं सिनेमा ४डी नावाचं त्रिमितीय चित्रणाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्याच इंजिनानं एक ठरलेलं चित्र रेंडर करायचं. चित्राचे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येक कोअर एकेक चौकोन उचलतो. एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागत नाही. म्हणून कोअर वाढवाल तसा आकडा वाढत जातो. तुम्ही दिवसभर रेंडरिंग करत असाल तर याच्याइतका खरा बेंचमार्क नाही. आणि ३६ हजार ना किलो ना लिटर. ते नुसते गुण आहेत, मॅक्सॉननं ठरवलेल्या मोजपट्टीवरचे. आवृत्ती बदलली की मोजपट्टीही बदलते. आर१५ चा आकडा आर२३ च्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

तुमच्या टूलपाथच्या कामात मात्र बराच भाग ओळीनं चालतो, आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. मॉडेलच्या रीबिल्डचंही तेच, एका फीचरवर दुसरं बसतं. समजा दहा मिनिटांच्या कामात सहा मिनिटं एकच कोअर राबतोय आणि उरलेली चार मिनिटंच वाटून घेता येतात. मग शंभर कोअर आणले तरी ते काम सहा मिनिटांच्या खाली येणार नाही. हे १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडालनं मांडलं, अजून कुणाला त्यातून पळवाट सापडलेली नाही.

आता तुमच्याच भाषेत गिगाहर्ट्झ. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके, तुमच्याकडचे स्पिंडलचे आरपीएम. नुसत्या आरपीएमवरून किती मटेरियल निघालं ते कळतं का? फीड किती, कटची खोली किती, टूल कसलं, हे सगळं लागतं. प्रोसेसर एका ठोक्यात किती सूचना उरकतो तो त्याचा फीड. २००० साली पेंटियम ४ आला तो आरपीएम वाढवण्याच्या हट्टानं बनवलेला होता. समोर एएमडीनं २००१ मध्ये अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ काढला. नावात १८००, प्रत्यक्षात चालायचा १५३३ मेगाहर्ट्झवर. आमचा फीड जास्त आहे हे गिऱ्हाइकाला पटवायला त्यांना नावातच आकडा फुगवावा लागला. आणि तो बऱ्याच कामांत खरंच १८०० च्या पेंटियमला भारी पडायचा.

---

लेथवाला_भाऊ

आरपीएम आणि फीडचं लई भारी पटलं. आमच्याकडं नवीन पोरगं मशीनवर आलं की आधी आरपीएम वाढवतंय. टूल जळालं की मग शहाणं होतंय.

---

निवृत्त_ओव्हरसियर

मला संगणकातलं फारसं कळत नाही, पण ‘बेंचमार्क’ शब्द आमच्या खात्यातला आहे म्हणून लिहितो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या कामांवर माझी उमेदीची वर्षं गेली. लेव्हल घ्यायची तर आधी बेंचमार्क शोधायचा. पक्क्या दगडात छिन्नीनं आडवी खाच मारलेली असते, त्या खाचेत लोखंडी कोन बसवला की त्याचाच बाक होतो आणि त्यावर मोजपट्टी उभी करायची. त्या बाकामुळं ते नाव. साहेबांच्या देशातून आलेली पद्धत.

दोन गोष्टी आम्हाला घोटून शिकवल्या होत्या. खाचेला स्वतःचा अर्थ नसतो, दोन ठिकाणच्या वाचनांतला फरक तेवढा खरा. आणि दोन्ही वाचनं एकाच डेटमवरून (मोजायला धरलेल्या मूळ पातळीवरून) घेतलेली पाहिजेत. एका पोरानं एकदा तात्पुरत्या बेंचमार्कवरून निम्मं काम केलं आणि निम्मं कायमच्या बेंचमार्कवरून. चर खोदून झाल्यावर पाणी उलटं वाहायला लागलं.

वर कॅश_चुकली यांनी आवृत्तीचं जे लिहिलंय ते मला असंच वाटतंय. चुकत असल्यास सांगावे.

---

कॅश_चुकली

काका, अजिबात चुकत नाही. प्रत्येक बेंचमार्कचा डेटम वेगळाच. गीकबेंच ही अशीच एक चाचणी. तिच्या आवृत्ती ५ मध्ये कोअर आय ३-८१०० या प्रोसेसरला १००० गुण धरले होते. २०२३ मध्ये गीकबेंच ६ आलं, त्यात कोअर आय ७-१२७०० ला २५०० धरले.

धागाकर्ते, लक्षात आलं का? तुमचाच प्रोसेसर! गीकबेंच ६ ची खाच तुमच्या टेबलाखालीच मारलीय. तुमच्या मशीनवर सिंगल कोअरला २५०० च्या आसपास आलंच पाहिजे. चालवून बघा आणि इथं टाका. सोबत सिनेबेंच आर२३ पण चालवा, पण दहा मिनिटांचं. एका फेरीचं नको.

---

सरळ_बोलतो

माझं स्पष्ट मत: बेंचमार्क म्हणजे निव्वळ बकवास. कंपन्या आकड्यासाठीच सगळं करतात. २०१३ मध्ये सॅमसंगचे फोन बेंचमार्कचं अ‍ॅप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवतात हे उघडं पडलं, अमेरिकेत खटला चालला, तडजोडीत पैसे मोजावे लागले. २०१८ मध्ये हुवावेचे काही फोन थ्रीडीमार्क या चाचणीच्या यादीतून काढले. चाचणीवाल्यांनी काय केलं माहितीय? तेच अ‍ॅप, पण बाहेर न दिलेली आवृत्ती. फोनला ओळखू आलं नाही आणि आकडा धाडकन खाली आला. २०२२ ला गीकबेंचनं परत सॅमसंगचे काही फोन यादीतून हटवले, या वेळी उलटा प्रकार: बेंचमार्क सोडून बाकी अ‍ॅपचा वेग कमी करत होते.

मास्तर वर्गात आले की पाटी पुढं ओढणारी पोरं. कशाला विश्वास ठेवायचा?

---

कॅश_चुकली

@सरळ_बोलतो, तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. काटा मारणारा वाणी सापडला म्हणून आपण वजन करायचं सोडत नाही.

फसवाफसवी फोनच्या बरीच आधीची आहे. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये व्हेटस्टोन नावाची चाचणी लिहिली गेली, दशांश अपूर्णांकांची गणितं करणारी. व्हेटस्टोन हे लेस्टरशायरमधल्या गावाचं नाव. पुढं १९८४ मध्ये राइनहोल्ड वाइकर यांनी पूर्णांकांची आणि अक्षरांची कामं करणारी चाचणी लिहिली. तिकडं व्हेट म्हणजे ओलं ऐकू येतं, म्हणून यांनी नाव ठेवलं ड्राय, ड्रायस्टोन! व्हॅक्स ११/७८० हे मशीन सेकंदाला १७५७ ड्रायस्टोन करायचं, त्याला १ एमआयपीएस (सेकंदाला दहा लाख सूचना) धरून बाकीच्यांना मोजायचे.

पण ड्रायस्टोन इतकी लहान की अख्खी प्रोसेसरच्या कॅशमध्ये (आतल्या छोट्या, वेगवान साठ्यात) मावते. मेमरीपर्यंत जायची वेळच येत नाही. शिवाय तिच्यातली बरीचशी गणितं कुठं वापरलीच जात नाहीत, मग हुशार कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) ती गाळून टाकतो. काम न करताच पगार. शेवटी प्रोसेसरपेक्षा कंपायलरच मोजला जायला लागला.

याला कंटाळून कंपन्यांनीच १९८८ मध्ये स्पेक नावाची ना-नफा संस्था काढली. त्यांचं तत्त्व सोपं: खेळण्यातले प्रोग्रॅम नकोत, खरे वापरातले घ्या. त्यांच्या सीपीयू २०१७ या संचात ४३ प्रोग्रॅम आहेत. जीसीसी कंपायलर आहे, व्हिडिओ दाबणारा एक्स२६४ आहे, बुद्धिबळ आहे, हवामानाचं मॉडेल आहे, सुडोकू तयार करणारा प्रोग्रॅमसुद्धा आहे. सनच्या एका जुन्या सर्व्हरला १ धरायचं आणि आपलं मशीन त्याच्या किती पट ते काढायचं. आणि त्यात ‘स्पीड’ आणि ‘रेट’ असे दोन सरळ वेगळे आकडे असतात. एक काम किती लवकर झालं आणि ठरलेल्या वेळात किती कामं झाली. म्हणजे तासाला का शिफ्टला, मामांचाच प्रश्न, फक्त समितीनं विचारलेला.

पण फसायची पाळी स्पेकवरही आली. पहिल्याच १९८९ च्या संचात मॅट्रिक्स३०० नावाचा प्रोग्रॅम होता. कंपायलरवाल्यांनी त्यातल्या गुणाकारांची मांडणीच अशी बदलली की त्याचा आकडा आभाळाला टेकला आणि अख्खी सरासरी वर उचलली गेली. १९९२ च्या संचातून त्याला डच्चू. आणि अगदी अलीकडं, फेब्रुवारी २०२४ मध्ये, इंटेलच्या कंपायलरनं एका प्रोग्रॅमपुरती खास युक्ती केली म्हणून स्पेकनं २६०० च्या वर निकालांवर शेरा मारला. पण हे सापडलं कसं? प्रत्येक निकालासोबत कुठला कंपायलर, कुठले स्विच, किती मेमरी, सगळं जाहीर करावंच लागतं म्हणून. दुकानदाराच्या मोबाइलवरच्या तक्त्यात यातलं काय होतं?

---

संख्याशास्त्र_मास्तर

सरासरीवरून एक सांगतो, कारण तक्त्यात सगळ्यात जास्त घोळ तिथंच असतो. क मशीन पहिल्या चाचणीत ख च्या दुप्पट वेगवान, दुसऱ्या चाचणीत ख च्या निम्मं. दोघं बरोबरीचेच की. पण साधी सरासरी काढा: २ आणि ०.५, बेरीज अडीच, भागिले दोन, सव्वा. क सव्वापट चांगलं! आता ख च्या बाजूनं बघा: ०.५ आणि २. ख पण सव्वापट चांगलं. दोघंही एकमेकांपेक्षा वरचढ.

म्हणून स्पेकवाले भौमितिक मध्य घेतात. गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १ येतो आणि तंटा मिटतो. वर्गात हे उदाहरण दिलं की पोरं म्हणतात, सर, मग आमची टक्केवारी पण अशीच काढा.

---

परम_भक्त

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. महासंगणकांची टॉप५०० यादी १९९३ पासून निघते, ती लिनपॅक चाचणीवर. जॅक डोंगारा यांची ही चाचणी, त्यांना २०२१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. काम एकच: समीकरणांचा प्रचंड मोठा संच सोडवायचा. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचं ऐरावत जून २०२३ च्या यादीत ७५ व्या क्रमांकावर होतं, तेव्हा पेपरात आलं होतं.

गंमत पुढं आहे. अमेरिकेचं फ्रंटियर लिनपॅकवर ११०० पेटाफ्लॉप्सच्या वर गेलं (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं). त्याच मशीनला एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी दिली, जिच्यात मेमरीतून सारखी ने-आण करावी लागते, तर आकडा आला १४ पेटाफ्लॉप्सच्या आसपास. ११०० आणि १४. मशीन तेच, वीजही तेवढीच.

---

गुऱ्हाळ_ते_गिगाबाइट

परम_भक्त यांनी मेमरीचं काढलं ते बरं केलं, आमच्या शेतावरचं उदाहरण बसतंय. गुऱ्हाळात चरक नवा बसवला, तासाला दुप्पट रस काढतोय. पण काहील एकच. एका आधणाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागणारच. रसाची टाकी भरली की चरक बंद करून गडी तंबाखू मळत बसतात. चरकवाल्या कंपनीचा माणूस येतो आणि सांगतो, आमचा चरक दुप्पट आहे. खोटं नाहीच बोलत तो! पण गूळ तेवढाच.

---

कॅश_चुकली

ब्बेस! हेच. प्रोसेसरला जवळच्या कॅशमधून आकडा चार-पाच ठोक्यांत मिळतो. तोच बाहेरच्या रॅममधून आणायचा तर ८०-१०० नॅनोसेकंद, म्हणजे ठोक्यांच्या हिशेबात काहीशे ठोके गडी तंबाखू मळणार. सिनेबेंच आर२३ चं बरंचसं काम कॅशमध्येच भागतं, त्यामुळं रॅम कशी आहे याचा त्याला फारसा फरक पडत नाही. सेव्हन-झिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बेंचमार्कची फुकट सोय आहे, त्यात दाबायचा आणि उलगडायचा असे दोन वेगळे आकडे येतात. दाबायचा आकडा रॅमच्या दिरंगाईवर बराच हलतो. उलगडायचा आकडा प्रोसेसरच्या आतल्या कामावर. दोन्ही शेजारी ठेवले की दुखणं चरकात का काहिलीत ते कळतं.

धागाकर्ते, तुमच्या मशीनमध्ये रॅमच्या पट्ट्या किती?

---

उद्यमनगरकर

जेवण करून बसलोय, सगळं वाचलं. चाचण्या आज दुपारी घेतल्या, शॉप सुरू असताना.

गीकबेंच ६: सिंगल २४६०. म्हणजे खाचेला लागून. मल्टी ९ हजारांच्या आत.

सिनेबेंच आर२३, दहा मिनिटं: पहिली फेरी १९ हजारांच्या वर. तिसऱ्या फेरीपासून घसरगुंडी. दहाव्या मिनिटाला १३ हजार १००. तापमान पूर्ण वेळ १०० अंश.

सेव्हन-झिप: दाबायला ७१ हजार, उलगडायला १ लाख १२ हजार.

टूलपाथ: ११ मिनिटं ४० सेकंद. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर, तीनदा लावून मधला धरला.

रॅम ३२ जीबी. पट्टी एक. डीडीआर४, ३२००.

---

लेथवाला_भाऊ

१०० अंश? भावा, जाळ आणि धूर संगटच! चहा ठेव त्याच्यावर.

---

कॅश_चुकली

आता बोलायला लागलं मशीन. तिन्ही आकडे वेगवेगळं सांगतायत, म्हणूनच तिन्ही घ्यायला लावले.

गीकबेंच चांगलं आलं, कारण त्यात प्रत्येक चाचणी छोटी असते आणि दोन चाचण्यांच्या मध्ये उसंत असते. प्रोसेसर तापायच्या आत काम आटोपतं. आकडा खरा आहे, पण तो सांगतो की मशीन शंभर मीटर कसं पळतं. सिनेबेंचची दहा मिनिटं म्हणजे जोतिबाची पायवाट. तुमचं मशीन तिथं दमतंय. १२७०० ला कायमचे ६५ वॅट आणि जोर लावायचा तर १८० वॅटपर्यंत, असं कंपनीनंच लिहिलंय. हा जोर किती वेळ टिकणार ते मदरबोर्ड आणि पंख्यावर. त्यामुळं एकाच प्रोसेसरचे दोन दुकानांत दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात.

१०० अंशाला ठोके आपोआप कमी होतात. पहिल्या वर्षी साडेनऊ मिनिटं लागणाऱ्या कामाला आता पावणेबारा लागतात, याचं उत्तर बहुधा डब्याच्या आत आहे. उघडून बघा.

दुसरं, रॅमची एक पट्टी. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीवरून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट जातात. दोन पट्ट्या दोन वाटांवर बसवल्या की ५१.२. तुमची निम्मी वाट दोन वर्षं बंदच आहे. सेव्हन-झिपचा दाबायचा आकडा त्याचीच साक्ष देतोय.

आणि एक करा. टूलपाथ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून शेजारी घड्याळ ठेवा. एकूण वापर किती वेळ अगदी कमी राहतो आणि किती वेळ चढतो, एवढंच लिहून घ्या.

---

सरळ_बोलतो

बकवास म्हणालो ते निम्मं मागं घेतो. निम्मंच.

---

उद्यमनगरकर

मंडळी, तीन दिवस लागले, कारण मधे एक अर्जंट डिलिव्हरी होती शिरोलीची.

डबा उघडला. काय सांगू. आमच्या भिंतीपलीकडं ओतकाम आहे, त्यांची काळी वाळू आणि आमचा बफिंगचा भुसा यांचा मिळून हीटसिंकच्या पात्यांत नमदा झालाय. खरंच नमदा, चिमट्यानं धरून अख्खा तुकडा निघाला, विटकरीएवढ्या जागेतून मूठभर. पंखा बोटानं धरून कॉम्प्रेसरची हवा मारली (पंखा मोकळा सोडला तर भोवऱ्यासारखा फिरून खराब होतो, हे आधी एकदा पैसे मोजून शिकलोय). पेस्ट वाळून पापुद्रे झाले होते, ती बदलली.

सिनेबेंच दहाव्या मिनिटाला १७ हजार ९००. तापमान ८४. टूलपाथ ९ मिनिटं ३५ सेकंद, म्हणजे पहिल्या दिवशीच्या जागेवर.

मग तशीच दुसरी ३२ जीबीची पट्टी आणून बसवली. सिनेबेंच हलायला तयार नाही, १८ हजारांच्या आत-बाहेर. सेव्हन-झिप दाबायला ७१ वरून ९४ हजार, उलगडायचा आकडा जिथल्या तिथं. आणि टूलपाथ ८ मिनिटं २० सेकंद! गुऱ्हाळवाल्या दादांच्या काहिलीला नमस्कार.

टास्क मॅनेजरचं: ८ मिनिटं २० सेकंदांतली पाच मिनिटं वापर दहा टक्क्यांच्या आत. बाकी वेळात सगळं मशीन घोंगावतंय.

आता २४ कोअरवाल्याचं काय करू ते सांगा.

---

कॅश_चुकली

वीस थ्रेडपैकी एकच राबत असला की एकूण वापर असाच दिसतो. म्हणजे पाच मिनिटं एकट्याची, तीन मिनिटं वीस सेकंद सगळ्यांची.

विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार मल्टी १.६ पट. सोबत त्या मशीनचा सिंगलचा आकडा मागून घ्या, समजा तो तुमच्या १.२ पट निघाला. पाच मिनिटांची होतील चार मिनिटं दहा सेकंद. तीन मिनिटं वीस सेकंदांची दोन मिनिटं पाच सेकंद. बेरीज सव्वासहा मिनिटं. तेही मेमरी आडवी आली नाही तर. ८:२० वरून ६:१५, वाईट नाही. पण ‘३६ विरुद्ध २२’ ऐकून डोळ्यांपुढं जे येतं ते हे नाही.

दीड लाख देण्याआधी तुमची फाइल पेन ड्राइव्हवर न्या आणि त्यांच्या मशीनवर तुमच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती टाकून एकदा लावा. स्टॉपवॉच तुमचं.

---

गुऱ्हाळ_ते_गिगाबाइट

आणि तो टूलपाथ निघाल्यावर व्हीएमसीवर जॉब किती वेळ चालतो, हे कुणीच विचारलं नाही.

---

उद्यमनगरकर

पाच तास.

---

तांबडा_पांढरा

विषय हार्ड.

---

उद्यमनगरकर

पेन ड्राइव्ह घेऊन गेलो होतो विक्रेत्याकडं. ‘तसं टेस्टिंग करून देत नाही साहेब, आकडे नेटवर आहेत की.’ परत आलो.

मामांना सगळं सांगितलं. नमदा निघाल्याचं ऐकून त्यांनी कोअर शूटरच्या (वाळूचे गाभे बनवणाऱ्या मशीनच्या) व्हेंटला लावायची बारीक जाळी काढून दिली, पंख्याच्या तोंडावर लावायला. लावली. चार दिवस झाले, जाळी काळी झालीय आणि तापमान परत ८८ वर गेलंय. जाळी झटकली की ८४. आता किती दिवसांनी झटकायची तेवढंच ठरवायचंय, वहीत आकडे लिहून ठेवतोय.